वजन काचेचं, मोल चांदीचं

ठाण्याचं बाळकुम सोडून खाडीवरचा पूल ओलांडला की कशेळी येते. पुढे काल्हेर, पूर्णा अशी गावं आणि त्यांना चिकटलेली गोदामं भिवंडीच्या अंजूरफाट्यापर्यंत साथ सोडत नाहीत. भिवंडीला भंगार नवं नाही. जुना यंत्रमाग मोडला की किलोवर विकला जातो, भट्टीत वितळतो आणि लोखंडाचं पुन्हा लोखंड होतं. सोलरच्या प्लेटचं असं होत नाही. गोदामांच्या पत्र्यांवर पॅनल चढू लागलेल्या या पट्ट्याला तो फरक आत्ताच कळलेला बरा.

वीसेक किलोचं सिलिकॉनचं पॅनल काट्यावर ठेवा. त्यात पाऊण हिस्सा काच. ॲल्युमिनियमची चौकट आठ टक्क्यांच्या आसपास, प्लास्टिक साधारण दहा, सिलिकॉन पाच, तांबं एक टक्का. चांदी एक दशांश टक्क्याहूनही कमी, म्हणजे वीस ग्रॅमसुद्धा नाही; पण मालाच्या किमतीत मोठा वाटा तिचाच. भंगारवाल्याला मात्र हातानं सुटतं तेच परवडतं. तो चौकट उपटतो, केबल कापतो आणि उरलेली काच टाकून देतो. चांदी तिच्यासोबतच जाते, आणि डाखातलं शिसंही.

यात त्याचा दोष कमी, पॅनलच्या घडणीचा जास्त. काच, मिलीमीटरच्या पाचव्या भागाहून पातळ सेल आणि मागचा प्लास्टिकचा पडदा यांच्यामध्ये ईव्हीए नावाच्या प्लास्टिकचे थर घालून सगळं सुमारे दीडशे अंशांवर दाबून एकजीव करतात. एकदा घट्ट झालेलं ईव्हीए पुन्हा वितळत नाही. पंचवीस पावसाळे आत पाणी शिरू नये म्हणून केलेली ही शिवण शेवटी उसवता येत नाही! मग उपाय तीन. सरसकट भरडायचं, तर काचेच्या चुऱ्यात सगळंच मिसळतं. पाचशे अंशांच्या भट्टीत ईव्हीए जाळायचं, तर मागच्या पडद्यात फ्लोरिन असल्यास विषारी वायू निघतो, तो धरावा लागतो. जपानमध्ये तापवलेल्या पात्यानं काच अखंड सोलून काढतात. त्यानंतर सेलवरची चांदी नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवून वेगळी करता येते. फ्रान्समध्ये रूसे इथे २०१८ साली केवळ पॅनलसाठीचा कारखाना उभा राहिला, कारण युरोपनं २०१२ सालीच ही जबाबदारी उत्पादकांवर टाकली होती.

आपल्याकडे ई-कचरा नियम २०२२ मध्ये सौर पॅनल आलं. १ एप्रिल २०२३ पासून ते लागू आहेत. पण उत्पादकांना सांगितलं काय, तर हा कचरा २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवा आणि त्याचा हिशेब द्या. माझ्या मते ही पळवाटच. दिल्लीच्या सीईईडब्ल्यू संस्थेच्या २०२४ च्या अभ्यासानुसार, मार्च २०२३ पर्यंत बसवलेल्या पॅनलमधूनच एक लाख टन कचरा तयार झाला होता; २०३० पर्यंत, नव्या प्रकल्पांसह, तो सहा लाख टनांवर जाईल. कारण पॅनल म्हातारपणीच मरतं असं नाही. वाहतुकीत फुटतं, बसवताना तडकतं, गारपिटीत जातं.

त्याच अभ्यासानुसार, २०३० पर्यंतच्या कचऱ्याचा दोन तृतीयांश भाग ज्या पाच राज्यांत असेल, त्यांत महाराष्ट्र नाही. त्यावर निर्धास्त होऊ नये. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३ सालचा आहे. तिथली सगळी पॅनलं एका आवारात आहेत, मोजता येतील, उचलता येतील. कृषिपंपांची पॅनलं मात्र बांधाबांधावर विखुरलेली. शिवारातल्या चार फुटक्या प्लेटांसाठी वसईच्या किंवा तळोज्याच्या ई-कचरा कारखान्यापर्यंत टेम्पो कोण करणार? त्या भाड्यात चांदीचं मोल संपून जातं. गोळा करण्याची सोय तालुक्याला हवी, आणि खर्च पॅनल विकणाऱ्याचा हवा.

तोवर गच्चीवर किंवा गोदामावर सोलर बसवणाऱ्यांनी करारात एक ओळ मागून घ्यावी: पॅनल उतरवायचं कोणी, न्यायचं कुठे आणि पैसे कोणाचे. आणि फुटलेल्या प्लेटची चौकट काढू देऊ नये. चौकट गेली की उरलेली काच न्यायला कोणी येत नाही.