सातबारा तुमचा, वापर कंपनीचा

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांचा काळा कातळ तेलासाठी प्रसिद्ध नाही. तेल लागलं ते पश्चिमेला, भर समुद्रात. तेलविहीर खोदणाऱ्या 'सागर सम्राट'ने फेब्रुवारी 1974 मध्ये बॉम्बे हायला तेल शोधलं आणि मे 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं. नाव मुंबईचं, पण रॉयल्टीत महाराष्ट्राचा वाटा शून्य. घटनेच्या कलम 297 नुसार समुद्रतळाची संपत्ती केंद्राची. जमिनीवरच्या विहिरींची रॉयल्टी आसाम-गुजरातला मिळते. आपण किनाऱ्यावर उभं राहून मोजदाद करायची. शोध आणि उत्पादनाचा मूळ कायदा 1948 चा. 2025 मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली, खाणपट्ट्याच्या जागी पेट्रोलियम पट्टा आला, काही गुन्ह्यांतला तुरुंगवास जाऊन दंड आला. या दोन तालुक्यांतल्या शेतकऱ्याला त्याचं सोयरसुतक नाही, आणि ते बरोबरच आहे. त्याची गाठ पडते ती 1962 च्या कायद्याशी.

पेट्रोलियम आणि खनिज वाहिन्यांसाठी जमिनीत वापराचा हक्क संपादन करणारा हा कायदा. यात जमीन जात नाही, सातबाऱ्यावरचं नावही जात नाही. सरकार फक्त वापराचा हक्क घेतं आणि पुढे तो कंपनीकडे सोपवता येतो, मग ती सरकारी असो की खासगी. मुंबईच्या रिफायनरीतून मनमाडला पेट्रोल-डिझेल नेणारी भारत पेट्रोलियमची वाहिनी, काकीनाडा ते भरूच ही 48 इंची वायुवाहिनी, दहेजहून नागोठण्याला इथेन नेणारी रिलायन्सची वाहिनी, या सगळ्या ठाणे जिल्हा ओलांडून जातात. इथेन तर अमेरिकेतून जहाजाने येतो. काकीनाड्याची वाहिनी कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या वायूसाठी 2009 मध्ये सुरू झाली. पुढे त्या वायूचं उत्पादन घसरलं, 2019 मध्ये वाहिनीची मालकी ब्रुकफिल्डच्या ट्रस्टकडे गेली. मालक बदलला तरी शेतावरचे निर्बंध तेच.

निर्बंध काय, ते कलम 9 मध्ये आहे. पट्ट्यात पूर्वीचं पीक घेता येतं. भातखाचरात पुन्हा आवणी होते, बांध पुन्हा घालता येतात. पण घर बांधायचं नाही, विहीर किंवा तळं खणायचं नाही, झाड लावायचं नाही. नळ किमान एक मीटर खोल हवा आणि राहत्या घराखालून, कायम बांधकामाखालून जाता कामा नये, असं बंधन कंपनीवरही आहे. पट्टा साधारण 20 ते 30 मीटर रुंद असतो. आंबा-काजूची बाग धरून पाण्याची सोय करायची, हे इथल्या वरकस जमिनीचं एकमेव सोनं; नेमकं तेच या पट्ट्यात बसत नाही.

मोबदल्याचा हिशेब बघा. पिकाची, झाडांची, बांधांची नुकसानभरपाई वेगळी मिळते. वापराच्या हक्काबद्दल मात्र कलम 10 प्रमाणे जमिनीच्या बाजारभावाच्या फक्त 10 टक्के. भाव धरायचा तो हक्क घेण्याचा इरादा जाहीर करणाऱ्या कलम 3 च्या अधिसूचनेच्या तारखेचा. शंभर मीटर लांब, तीस मीटर रुंद पट्टा म्हणजे सुमारे तीस गुंठे. गुंठ्याला एक लाख भाव गृहीत धरला तर जमीन तीस लाखांची, हक्काचे तीन लाख. बाकीची किंमत मालकाकडे राहिली असं कायदा म्हणतो. आवणीपुरता विचार केला तर हे पटतंही. पण कल्याण-मुरबाड रस्त्यालगत जिथे शेतीचे बंगल्यांचे प्लॉट झालेत, तिथे ज्यावर घर बांधता येणार नाही असा पट्टा कोण घेणार? 1962 मध्ये शेत म्हणजे पीक एवढंच गणित होतं. 2013 च्या भूसंपादन कायद्याने हा कायदा चौथ्या परिशिष्टात बाहेर ठेवला. 2015 च्या आदेशाने मोबदल्याचे निकष अशा कायद्यांनाही लावले, तरी 10 टक्के जागेवरच राहिले. मला हा आकडाच या कायद्याचा सगळ्यात जुनाट भाग वाटतो.

याच शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. तिथे रस्ते विकास महामंडळाने जमिनी थेट खरेदी केल्या, दर पाचपटीपर्यंत गेला. अर्थात तिथे जमीन कायमची गेली, इथे ती हातात राहिली, हा फरक नाकारून चालणार नाही. पण दहा टक्के आणि पाचपट यांत कुठेतरी मधला दर असायला हरकत नव्हती. गेलची मुंबई-नागपूर वायुवाहिनी बहुतांशी समृद्धीलगतच टाकली, त्यामुळे निदान त्या पट्ट्यात नव्या शेतांवर वाहिनी आली नाही.

अधिसूचना निघाल्यापासून 21 दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे हरकत नोंदवायची असते. अधिसूचना राजपत्रात छापून येते. कातकरी वाडीवर राजपत्र कोण वाचणार? हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती भरपाई मागू शकते, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कुळाला, डोंगरउतारावरची दळी जमीन कसणाऱ्याला आधी आपला हितसंबंध सिद्ध करावा लागतो. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडची काही गावंही. अशा क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आवाज दिला. मात्र 1962 च्या कायद्यातल्या हरकतीची सुनावणी प्राधिकाऱ्यापुढेच. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लालजीभाई सावलिया प्रकरणात कायदा वैध ठरवला, पण प्राधिकारी हा न्यायिक पदावरचा किंवा कायद्याचं प्रशिक्षण असलेला असावा, असंही बजावलं. गुजरातच्या शेतकऱ्यांनी मिळवलेला हा निकाल इथे उपयोगी आहे. भरपाई कमी वाटली तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो, हे तलाठी सजात ठळक लावलं तरी खूप.

1892 सालच्या तानसापासून भातसापर्यंत शहापूरचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात शहापूरच्या वाड्यांना टँकर लागतो. वायूचंही तसंच होऊ नये. पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाने ठाणे ग्रामीणमध्ये घरोघरी वायू देण्याचा परवाना गुजरात गॅसला दिला आहे. जोडण्या आधी गावात येतात की गृहसंकुलांत, याकडे लक्ष ठेवायला हवं.