बँकेचा कर, संचालक मंडळ आणि आपली ठेव

बँकेच्या कर नियोजनाचा विषय निघाला की आपले कार्यकर्ते म्हणतात, तो सीएंचा प्रांत. आम्हाला हे पटत नाही. विहाराचा बांधकाम निधी, बचत गटाची पुंजी, जयंती मंडळाची शिल्लक, मुलांची शिष्यवृत्ती, सगळे बँकेतच असते. बँकेच्या पैशात भागधारकांचा वाटा थोडा, ठेवीदारांचा मोठा. पण संचालक निवडताना ठेवीदाराला मत नसते.

कर्ज बुडण्याची शक्यता दिसली की बँकेला नफ्यातून रक्कम बाजूला काढावी लागते. तिला तरतूद म्हणतात. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने या तरतुदीवर वजावट दिली, पण मर्यादेत: एकूण उत्पन्नाच्या ८.५ टक्के आणि ग्रामीण शाखांच्या सरासरी कर्जांच्या १० टक्के. तरतूद त्याहून जास्त असेल तर कर आज भरायचा आणि वजावट पुढे मिळवायची. हा पुढचा लाभ ताळेबंदात 'स्थगित कर मालमत्ता' म्हणून दिसतो. नाव मालमत्तेचे, पण ती काउंटरवर ठेवीदाराला देता येत नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये सरकारने कंपन्यांना २२ टक्क्यांच्या मूळ दराचा पर्याय दिला. एकदा निवडला की मागे फिरता येत नाही. कर कमी झाला म्हणजे बँकांना आनंदच, असे वाटेल. पण दर उतरला की जुन्या स्थगित कराची किंमतही उतरते. अ‍ॅक्सिस बँकेने नवा दर घेतला, २,१३८ कोटी रुपयांचा एकवेळचा भार सोसला आणि त्या तिमाहीत ११२ कोटींचा तोटा दाखवला. धंदा बुडाला नव्हता. आजचा तोटा पत्करून पुढचा कर वाचवायचा, असा तो निर्णय होता. तो कायदेशीर आणि उघड होता. कर नियोजन असे असेल तर आमची तक्रार नाही.

प्रश्न येतो तो बुडीत कर्ज लपवले जाते तेव्हा. येस बँकेने मार्च २०१६ चे थकीत कर्ज सुमारे ७४९ कोटी दाखवले होते. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत ते ४,९२५ कोटींवर निघाले. पुढच्या वर्षी फरक ६,३५५ कोटींचा झाला. आता कराच्या बाजूने पाहा. कर्ज थकीत ठरले की त्याच्या व्याजावर कर ते हाती आल्यावर लागतो. तेच कर्ज चांगले दाखवले तर न आलेले व्याजही उत्पन्नात धरले जाते आणि त्यावर कर भरावा लागतो. फुगलेल्या नफ्यावर लाभांश वाटला जातो, अधिकाऱ्यांचा बोनस ठरतो. म्हणजे जो पैसा आलाच नाही, त्याचे वाटप होते. ५ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने येस बँकेचे संचालक मंडळ बरखास्त केले, तेव्हा ठेवीदारांना ५० हजारांपुढे रक्कम काढता येईना. निर्बंध १८ मार्चला उठले. पण ज्यांच्या घरी त्याच दिवसांत दवाखाना किंवा लग्न निघाले असेल, त्यांना ते दिवस किती लांब वाटले असतील.

हे रोखण्याचे काम लेखापरीक्षण समितीचे. एप्रिल २०२१ च्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार खासगी बँकेच्या या समितीत फक्त बिगर-कार्यकारी संचालक असतात, आणि बैठकीला हजर असलेल्यांपैकी किमान दोन-तृतीयांश स्वतंत्र असावे लागतात. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला एका बँकेत जास्तीत जास्त १५ वर्षे, प्रवर्तक असेल तर साधारण १२. नियम चांगले आहेत. पण 'स्वतंत्र' म्हणवणारा संचालक कोणाच्या ओळखीने आला, हे नियम सांगत नाही. त्या खुर्च्यांवर आपल्या समाजातली माणसे किती दिसतात, हाही प्रश्न आम्ही विचारणारच.

बँकेचा वार्षिक अहवाल संकेतस्थळावर फुकट मिळतो. अभ्यासवर्गात एखादा उघडा आणि तीन जागा शोधा: रिझर्व्ह बँकेने काढलेला थकीत कर्जातला फरक, स्थगित कराची टीप आणि 'आकस्मिक दायित्वे', जिथे प्राप्तिकर खात्याशी चाललेले वाद नोंदलेले असतात. मंडळाचा निधी त्या बँकेत असेल, तर हे आकडे पुढच्या बैठकीत वाचून दाखवा. विमा एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच आहे, हेही त्याच बैठकीत सांगा.