पथ्य आणि पंगत : कोल्हापुरी ताटाचा आयुर्वेदीय विचार

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ होत, हे आपण सर्व वैद्यबंधू-भगिनी विद्यार्थिदशेपासून पाठ करीत आलो आहोत. या तिघांत आहाराचा क्रम पहिला आहे. तथापि दैनंदिन चिकित्साव्यवहारात या पहिल्या स्तंभाच्या वाट्याला आपला किती वेळ येतो, याचा विचार होणे अगत्याचे आहे. नाडी, जिव्हा, कोष्ठ यांची परीक्षा होते, औषधाच्या पुड्या बांधल्या जातात, आणि रुग्ण खुर्चीवरून उठता उठता विचारतो, "पथ्य काय?" त्यावर "तिखट, तेलकट, आंबट बंद, मुगाची खिचडी खा," असे ठरीव उत्तर दिले जाते.

हे उत्तर चुकीचे आहे असे नाही. परंतु कोल्हापुरात त्याचा व्यावहारिक अर्थ असा होतो की, आजपासून तुम्ही घरच्या पंगतीतून उठा. चार माणसे एकत्र बसून रश्शाचे भुरके मारीत आहेत आणि पाचवे माणूस कोपऱ्यात वेगळ्या वाटीतली खिचडी गिळत आहे, हे दृश्य फार दिवस टिकत नाही. आठ-पंधरा दिवसांत एकतर पथ्य सुटते, नाहीतर रुग्णाची अन्नावरची वासना उडते. पहिल्या प्रकारात औषध वाया जाते व दुसऱ्या प्रकारात रुग्णाचे बल. म्हणून पथ्य आणि पंगत यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न रसिकतेचा नसून चिकित्सेच्या यशापयशाचा आहे.

शास्त्रात रुचीचे स्थान

आयुर्वेदाचे पथ्य म्हणजे बेचव अन्न, असा समज समाजात रूढ झाला आहे. संहितांचा अभिप्राय तसा नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आठ आहारविधिविशेषायतने सांगितली. त्यांत प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल यांच्या जोडीला उपयोगसंस्था आणि उपयोक्ता यांनाही स्थान दिले. म्हणजे काय खावे याइतकेच कसे खावे व कोण खातो आहे, हेही निर्णायक ठरते. अन्न उष्ण व स्निग्ध असावे, मात्रेत असावे, पूर्वीचे जिरल्यावर घ्यावे, यासोबत ते मनाला प्रिय अशा ठिकाणी व प्रिय अशा साधनांसह घ्यावे, असेही तेथेच सांगितले आहे. त्यापुढील अध्यायात तर चिंता, शोक, भय, क्रोध यांनी ग्रस्त झालेल्या माणसाला मात्रेत घेतलेले पथ्यकर अन्नही पचत नाही, असा स्पष्ट इशारा आहे.

चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायातील एक विधान या लेखाचा आधार आहे. सातत्याने घेतल्यामुळे किंवा चव नसल्यामुळे पथ्य रुग्णाला नकोसे झाले, तर निरनिराळ्या कल्पनांनी ते त्याला पुन्हा प्रिय करावे, असे आचार्य सांगतात. मनाला अनुकूल अन्नाने तुष्टी, ऊर्जा, रुची आणि बल मिळते व व्याधीचे बल घटते, असे त्याचे कारणही ते देतात. म्हणजे पथ्य रुचकर करणे ही आचारी किंवा सुनेची जबाबदारी नव्हे. ती वैद्याची आहे.

आपल्या भाषेच्या परंपरेतही हा विचार आढळतो. सतराव्या शतकात तंजावरच्या मराठी राजवटीत रघुनाथ गणेश नवहस्त या महाराष्ट्रीय पंडिताने 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ रचला आणि त्यात खाद्यपदार्थांच्या गुणदोषांची सविस्तर चर्चा केली. अन्नाचे गुणदोष सांगणाऱ्या ग्रंथाच्या नावात त्याने 'कुतूहल' हा शब्द योजावा, हे अर्थपूर्ण आहे.

अळणी : एकाच पातेल्यातील पथ्य

आता आपल्या कोल्हापुरी स्वयंपाकघराकडे वळू. मटणाचा बेत असला की प्रथम हळद, मीठ, आले-लसूण लावलेले मांस पाण्यात शिजविले जाते. त्याचे जे पाणी निघते त्याला आपल्याकडे 'अळणी' म्हणतात. शब्दार्थाने अळणी म्हणजे मीठ नसलेले. व्यवहारात मात्र चटणी न घातलेले. याच अळणीतून पुढे दोन वाटा फुटतात. कांदा-लसूण चटणी व भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण पडले की तांबडा रस्सा होतो. नारळाचे दूध, खसखस, तीळ, काजू व खडा मसाला पडला की पांढरा. परंतु चटणी पडण्यापूर्वी लहान मुले, वृद्ध, बाळंतीण आणि आजारी माणूस यांच्यासाठी अळणीची वाटी बाजूला काढण्याची रीत अनेक घरांत आजही पाळली जाते.

ही रीत वैद्याच्या दृष्टीने अत्यंत मोलाची आहे. संसर्जनक्रमात पेया, विलेपी, अकृत व कृत यूष आणि शेवटी अकृत व कृत मांसरस असा चढता क्रम आपण शिकतो. अळणीत मीठ व आले-लसूण असल्याने ती काटेकोर अर्थाने अकृत मांसरस नव्हे; तथापि अळणी, पांढरा आणि तांबडा यांच्यातील चढता संस्कार त्याच तत्त्वाचा आहे. अळणी त्यांतल्या त्यात लघु. पांढरा स्निग्ध, बृंहण आणि गुरू. कृश परंतु अग्नी चांगला असलेल्यास योग्य, मंदाग्नी व स्थूल रुग्णास नव्हे. तांबडा तीक्ष्ण व उष्ण. पित्तप्रकृती आणि रक्तदुष्टी असलेल्यांनी सांभाळावा. म्हणजे तीन अग्निस्थितींना योग्य असे तीन पदार्थ एकाच चुलीवर, एकाच पातेल्यातून निघतात. यापेक्षा सोयीचे पथ्य कोणते?

मांसरसाची प्रशंसा चरकाने मुक्तकंठाने केली आहे. क्षीण, कृश आणि नुकत्याच व्याधीतून उठलेल्या माणसाला तो हितकर सांगितला आहे. वर्षा ऋतूच्या चर्येतही जुन्या धान्यांसोबत संस्कारित मांसरस व यूष येतात. आषाढात पंचगंगेचे नवे पाणी त्र्यंबोलीला वाहण्याच्या यात्रेच्या दिवसांत गल्लोगल्ली मटणाच्या पंगती उठतात. त्या काळात अग्नी मंद असतो, ही गोष्ट खरी. परंतु म्हणून पंगत वर्ज्य करण्याचे कारण नाही. पातळ, गरम, सुंठ-मिरीने संस्कारित रस अधिक आणि मांसखंड कमी, एवढा फरक पुरेसा होतो.

शाकाहारी घरांतही हेच तत्त्व लागू पडते. फोडणी व चटणी पडण्यापूर्वी आमटीतले घट्ट वरण बाजूला काढावे, त्यात तूप, जिरे आणि आमसूल घालावे. तोच यूष झाला. कफवातप्रधान रुग्णास हुलग्याचे माडगे घरातल्या सर्वांबरोबर घेता येते. मात्र हुलगा उष्ण व रक्तपित्तकर असल्याने पित्ताच्या रुग्णास ते देऊ नये.

गेल्या वर्षीचे एक उदाहरण सांगतो. गडहिंग्लज भागातील साठीच्या पुढील एक गृहिणी अरुची व दौर्बल्यासाठी आल्या. चार महिन्यांपासून त्या पथ्य म्हणून मऊ भात आणि मुगाचे पाणी घेत होत्या, तेही सर्वांची जेवणे उरकल्यावर, एकट्याने. मूळ व्याधी शमली होती. परंतु घास गिळवत नव्हता. दीपन-पाचन औषध दिलेच. त्याबरोबर घरच्यांना दोनच गोष्टी सांगितल्या : त्यांचे ताट सर्वांबरोबर मांडायचे, आणि जे घरात शिजेल त्यातूनच चटणीपूर्वी त्यांचा वाटा काढायचा. तीन आठवड्यांनी त्या स्वतः भाकरी मागून घेऊ लागल्या. श्रेय औषधाचे किती आणि पंगतीचे किती, हे विभागून सांगणे शक्य नाही. पण केवळ औषधाने हे घडले असते, असे मला वाटत नाही.

तिळाचा आक्षेप

येथे जाणकार वाचक एक आक्षेप घेतील. चरकाने सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात ग्राम्य, आनूप व औदक मांस हे तीळ, गूळ, दूध, मध, माष यांच्यासह एकत्र घेऊ नये असे सांगितले आहे. मग रश्शातील तिळाचे काय? आक्षेप योग्य आहे. त्यावर तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, शेळी-मेंढी यांचा संचार मिश्र असल्याने त्यांचा वर्ग निश्चित नाही, असे चरकच सांगतो. दोन, सात्म्य झालेले, अल्प मात्रेत घेतलेले, तसेच दीप्ताग्नी, तरुण व व्यायामाने बलवान झालेल्या माणसाने घेतलेले विरुद्ध अन्न निष्प्रभ होते, असेही त्याच अध्यायात आहे. गंगावेशीतल्या तालमीत घाम गाळणाऱ्या मल्लाला जे चालते ते गल्ल्यावर दिवसभर बसणाऱ्या त्याच्या भावाला चालेलच असे नाही, हा त्याचा अर्थ. तीन, त्वग्विकाराच्या रुग्णास मात्र हा आधार देऊ नये; त्याच्या पांढऱ्या रश्शातून तीळ वगळावेत. नारळाचे दूध हे प्राण्याचे दूध नसल्याने दुग्ध-मांस विरोध तेथे लागू होत नाही. पण घट्टपणासाठी कोणी गाई-म्हशीचे दूध घालत असेल, तर ते आवर्जून थांबवावे.

चटणीचा प्रश्न

कोल्हापूरच्या तिखटाचे मूळ असलेली मिरची संहितांत नाही. पोर्तुगीजांबरोबर ती सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर आली. त्यापूर्वी कटुरसाचा भार मिरी, पिंपळी आणि सुंठ यांवर होता. आज मिरची आपल्याला ओकसात्म्य झाली आहे, आणि सात्म्य झालेले एकाएकी तोडू नये, हा शास्त्राचा दंडक आहे. त्यासाठी चरकाने पादांशिक क्रम दिला : चतुर्थांश कमी करावे, मध्ये अंतर ठेवावे, मग पुढचा चतुर्थांश. चार चमचे चटणी लागणाऱ्या घराला प्रथम तीन चमचे सांगावी. "बंद" हा शब्द वापरू नये.

याहून महत्त्वाची बाब काळाची आहे. वर्षाची चटणी चैत्र-वैशाखात डंकावर कुटून बरणीत भरली जाते. एकदा बरणी भरली की पुढील वर्षभर त्या घराच्या तिखटाचे प्रमाण ठरून जाते. म्हणून आपला सल्ला फाल्गुनातच पोहोचला पाहिजे. संकेश्वरी किंवा लवंगी मिरचीचा भाग कमी करून रंगाला चांगल्या व तिखटाला सौम्य अशा ब्याडगीचा भाग वाढवावा. धने, खोबरे, जिरे यांचे प्रमाण वाढवावे. रंग तोच राहतो, तक्रार येत नाही, आणि पित्ताचा भार उतरतो.

याच चटणीत दालचिनी, तमालपत्र, वेलदोडा, नागकेशर हे आपले चातुर्जातही असते. औषधालयाच्या मालकांनी येथे एक भेद ध्यानात ठेवावा. औषधी नागकेशर म्हणजे नागचाफ्याचे पुंकेसर. मसाल्याच्या दुकानातील काळे नागकेशर हे दालचिनीच्या कुलातील वृक्षाच्या वाळलेल्या कळ्या-फळांचे असते. मसाल्याला ते चालते. कल्पात एकाच्या जागी दुसरे घालू नये.

पंगतीचे गुण आणि दोष

पंगत निर्दोष असते असा माझा दावा नाही. तिचा पहिला दोष आग्रह. पोटाचा एक भाग घन अन्नाला, एक द्रवाला आणि एक दोषांच्या संचाराला मोकळा ठेवावा, हा त्रिविध कुक्षीचा विचार वाढप्याच्या आग्रहापुढे टिकत नाही. रश्शाची वाटी कितीही वेळा भरून मिळते, म्हणून ती भरून घेतलीच पाहिजे असे नाही.

दुसरा मुद्दा मौनाचा. न बोलता, न हसता, तन्मन होऊन जेवावे असे चरक सांगतो. मग सहभोजनाचा पुरस्कार कसा? त्या नियमाचा गाभा तन्मनस्कता आहे. शेजारी बसलेल्याची विचारपूस तिला बाधक होत नाही; समोर चालू असलेला दूरदर्शनसंच आणि हातातला भ्रमणध्वनी निश्चितच होतो. एकाच खोलीत चार जण चार पडद्यांकडे पाहत जेवत असतील, तर ती पंगत नव्हे.

तिसरा दोष सर्वांत जुना : कोणी कोणाशेजारी बसायचे, हा भेद. त्यावरचा उपायही याच नगरीने पाहिला आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढण्यास साहाय्य केले आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला. अस्पृश्यतेच्या त्या काळात एका कप चहाने जे साधले ते व्याख्यानांनी साधले नसते. एकत्र खाण्याने माणूस समाजात परत येतो, हे आपण त्यातून शिकावे. दीर्घ आजाराने वेगळा पडलेला रुग्णही एका अर्थाने पंगतीबाहेर गेलेलाच असतो.

व्यवहारात काय करावे?

१) पथ्य सांगण्यापूर्वी घरात कोण स्वयंपाक करते, किती जण जेवतात आणि रुग्ण कोणाबरोबर जेवतो, हे विचारावे. केसपेपरवर त्याची नोंद ठेवावी.

२) वर्ज्य पदार्थांच्या यादीपूर्वी, घरात शिजणाऱ्यांपैकी काय चालेल त्याची यादी द्यावी.

३) "वेगळे शिजवा" याऐवजी "आधी बाजूला काढा" असे सांगावे.

४) शक्य असेल तेव्हा स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला सोबत बोलवावे; पथ्य तिच्या हातून घडते.

५) औषधालयाच्या मालकांनी औषधाबरोबर अनुपान सांगताना रुग्णाला "जेवण जाते का?" हा एक प्रश्न अवश्य विचारावा आणि उत्तर नकारार्थी आल्यास वैद्यांना कळवावे.

तीव्र ज्वर, अतिसार, आमावस्था यांत लंघन किंवा पेयाच योग्य, तेथे पंगतीचा विचार नंतरचा. परंतु आपल्याकडे येणारे बहुसंख्य रुग्ण जीर्ण व्याधींचे असतात आणि त्यांचे पथ्य महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालायचे असते. इतका काळ कोणीही माणूस आपल्या माणसांपासून दूर बसून जेवू शकत नाही, आणि त्याने तसे जेवावे असे शास्त्रही म्हणत नाही. तेव्हा येत्या फाल्गुनात चटण्या कुटल्या जाण्यापूर्वी आपापल्या चिकित्सालयात या दिशेने प्रारंभ करावा आणि आलेले अनुभव संघटनेच्या बैठकीत मांडावेत, असे सर्व वैद्यबंधू-भगिनींना नम्र आवाहन आहे.