हलकं घड्याळ, जड किंमत

गेल्या ईदला दोहाहून आलेल्या माझ्या भाच्याने मनगटावरचं नवं घड्याळ काढून आमच्या थोरल्या भाईजानच्या हातावर ठेवलं. भाईजानने ते तळहातावर दोनदा वर-खाली केलं आणि म्हणाले, "बेटा, हे तर पोकळ लागतंय. तुला कुणीतरी फसवलं."

भाईजानचं चुकलं नव्हतं. भांडं असो की दागिना, हाताला जड लागेल ते अस्सल, हीच आपली पिढ्यान्‌पिढ्यांची कसोटी. भाच्याचं घड्याळ मात्र टायटॅनियमचं होतं. एक घनसेंटिमीटर पोलाद सुमारे ८ ग्रॅम भरतं, टायटॅनियम साडेचारच. खाऱ्या पाण्यात त्याला गंज चढत नाही. पोलादातल्या निकेलमुळे ज्यांच्या मनगटाला खाज सुटते, त्यांनाही ते सहसा सोसतं.

ही धातू दुर्मीळ नाही. १७९१ मध्ये विल्यम ग्रेगर यांना इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या काळ्या वाळूत तिचा पत्ता लागला. तशीच इल्मेनाइटची काळी वाळू आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. आपण लहानपणी तिच्यात किल्ले केले! महाग आहे ते वाळूतून धातू काढणं आणि तिला आकार देणं. कापताना उष्णता बाहेर न जाता हत्याराच्या टोकाशीच साचते, हत्यारं लवकर बोथट होतात, बारीक कीस तर पेटही घेतो.

टायटॅनियमचं पहिलं मनगटी घड्याळ जपानच्या सिटिझनने १९७० मध्ये काढलं. पण शौकीन लोक रंगून सांगतात ती सीकोची हकिकत. १९६८ मध्ये हिरोशिमा भागातल्या एका पाणबुड्याने कंपनीला तक्रारीचं पत्र लिहिलं, की तुमची घड्याळं आमच्या कामात टिकत नाहीत. हे लोक खोल समुद्रातल्या कामासाठी दिवसेंदिवस हेलियम मिसळलेल्या हवेत, दाबाखालच्या बंद खोलीत राहतात. हेलियमचे कण इतके सूक्ष्म, की ते घड्याळात शिरतात. वर येताना बाहेरचा दाब कमी होतो, आतला वायू अडकून राहतो आणि काच उडते. स्विस कारागिरांनी त्यावर वायू बाहेर सोडणारी झडप बसवली. सीकोने उलटा विचार केला, की हेलियम आत येऊच द्यायचा नाही. सात वर्षं खपून त्यांनी १९७५ मध्ये ६०० मीटर खोलीचं घड्याळ बाजारात आणलं. डबा टायटॅनियमचा, वरून संरक्षक कवच. ते दिसायला इतकं गोल आणि बोजड, की शौकिनांनी त्याचं नाव 'टूना' माशाच्या डब्यावरून ठेवलं. एका ग्राहकाच्या पत्राची अशी कदर हल्ली कुठे होते?

पुढे १९८२ मध्ये आयडब्ल्यूसीने पोर्शे डिझाइनसोबत २,००० मीटरचं 'ओशन २०००' केलं. ट्यूडरचं 'पेलागोस' २०१२ चं. रोलेक्स या धातूकडे उशिरा वळली. २०२२ चं 'डीपसी चॅलेंज' ११,००० मीटरसाठी आहे, म्हणजे समुद्राच्या सर्वांत खोल दरीपर्यंत. पण ५० मिलिमीटर रुंदीचं ते घड्याळ आपल्याकडच्या मनगटावर वाटीसारखं दिसेल.

आता खरी गंमत. आजचे पाणबुडे खोली आणि वेळ मोजायला डिजिटल संगणक वापरतात. म्हणजे लाखांची ही घड्याळं ज्या कामासाठी घडली, ते काम त्यांच्याकडे जवळपास उरलेलंच नाही. तरी संग्राहक थांबत नाहीत. मला वाटतं, त्यांना टायटॅनियमचा न चमकणारा राखाडी रंगच भावतो. सोन्याचं घड्याळ चारचौघांत मालकाची ऐपत ओरडून सांगतं. हे घड्याळ जाणकाराखेरीज कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि दिवसभर हातात असून जाणवत नाही. अर्थात, न दिसणारी श्रीमंती हीसुद्धा श्रीमंतीच. शिवाय साधं टायटॅनियम ओरखडे लवकर धरतं. घेणाऱ्याने हे आधीच समजून घ्यावं. आणि पाण्यात वापरायचं असेल, तर रबरी सीलची तपासणी वेळच्या वेळी करून घ्यावी, कारण धातू गंजत नसली तरी रबर म्हातारं होतंच.

भाच्याला मी विचारलं, समुद्रात किती खोल नेलंस हे? तो हसला. म्हणाला, "खाला, मला पोहता कुठे येतं!"