तारपा नाचाचे वर्ष

चिंचणी हे डहाणू तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. तेथून पूर्वेस वाणगाव ओलांडून डोंगराकडे जाऊ लागले म्हणजे वारली पाड्यांचा प्रदेश लागतो. या प्रदेशातील तारपा नाच आज सर्वपरिचित आहे. गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांच्या चित्रांतून त्याचे वेटोळे जगभर पोहोचले. परंतु चित्रात नाचाची आकृती दिसते, त्याचा काळ दिसत नाही. तो काळ कोणता, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तारपा हे वाद्य वाळलेला दुधी भोपळा, पाती बसविलेल्या बांबूच्या नळ्या व ताडपत्राचा लांब कर्णा यांचे बनते. सांधे मेणाने बुजवितात. श्वास न तोडता ते दीर्घ काळ वाजवावे लागते. तारपकरी मध्ये असतो. स्त्रीपुरुष एकमेकांच्या कमरेभोवती हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात व त्याच्याकडे पाठ करीत नाहीत. चाल बदलली की पाऊल बदलते.

या नाचाचे वर्ष भाताच्या वर्षाशी बांधलेले आहे. आषाढ-श्रावणात लावणीच्या दिवसांत सारे हात चिखलात गुंतलेले असतात. तेव्हा तारपा वाजवावयाचा नाही, असा परंपरेचा संकेत आहे. भात पिकू लागले, नवे धान्य देवाला दाखविले, म्हणजे तारपा बाहेर निघतो व दिवाळीच्या सुमारास रात्री घुमू लागतात. पुढे लग्नसराईत ढोल व सनई यांचे राज्य असते. चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढे येथे महालक्ष्मीची जत्रा भरते आणि त्यानंतर पुन्हा पावसाची वाट पाहिली जाते. तात्पर्य, तारपा हा केवळ करमणुकीचा प्रकार नसून पीक हाती आल्याची ती सामुदायिक ग्वाही होय.

आता हा संकेत शिथिल झाला आहे. ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनी, म्हणजे ऐन पावसाळ्यात, मिरवणुकांत तारपा वाजतो. शासकीय समारंभांतही तो बोलाविला जातो. याला ऱ्हास म्हणावे काय? येथे इंग्लंडमधील एक उदाहरण उद्बोधक ठरेल. तेथील मॉरिस नाच हा ग्रामीण पुरुषांचा, घुंगरू बांधून करावयाचा नाच. ऑक्सफर्डजवळील हेडिंग्टन क्वारी या गावी तो वसंतानंतरच्या व्हिटसन सणास होत असे. परंतु २६ डिसेंबर १८९९ रोजी सेसिल शार्प या संगीतज्ञाने तो पाहिला, तो ऐन हिवाळ्यात. थंडीमुळे गवंड्यांची कामे बंद पडली होती; चार पैसे मिळावेत म्हणून ही मंडळी अवेळी नाचत होती. शार्पने विल्यम किंबर या वादकाकडून चाली उतरवून घेतल्या. पुढे १९११ साली इंग्रजी लोकनृत्याची संस्था स्थापन झाली आणि आज मॉरिसचे अनेक संघ मे महिन्याच्या पहिल्या पहाटेपासून उन्हाळाभर गावोगाव नाचत हिंडतात. नाच जगला, मात्र ज्या कष्टकऱ्यांच्या जीवनक्रमात तो रुजला होता, त्यापासून तो बराचसा सुटला व हौसेचा विषय झाला.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. अवेळी नाचल्याने नाच मरत नाही. गरज व अस्मिता यांमुळे तो उलट टिकूही शकतो. मात्र ऋतूची नोंद राहिली नाही, तर पुढील पिढीस आकृती मिळते, अर्थ मिळत नाही. मॉरिसच्या बाबतीत त्या दिवसाचे कारण नोंदले गेले, म्हणूनच मूळ काळ व नवा काळ आपण वेगळे ओळखू शकतो.

म्हणून तारपाचे ध्वनिमुद्रण करणाऱ्या अभ्यासकाने चालीबरोबर महिना कोणता, शेतात पीक कोणत्या अवस्थेत आहे, नाच कोणाच्या बोलावण्यावरून झाला व तारपकऱ्यास मोबदला काय मिळाला, हेही टिपावे. वाजविणारे व वाद्य घडविणारे वृद्ध हयात आहेत, तोवरच ही माहिती त्यांच्या तोंडून मिळू शकेल.