पेट्रोलवर ठीक, गॅसवर मिसिंग

दिल्लीतल्या कुठल्याही गॅरेजात तासभर थांबा, एक तक्रार हमखास कानावर पडते : "पेट्रोल पे ठीक है, सीएनजी पे मिसिंग कर रही है." मग सीएनजी किटवाल्याकडे फेऱ्या सुरू होतात. गॅसचा दाब उतरवणारा रिड्यूसर उघडला जातो, फिल्टर बदलतो, ट्यूनिंगचे पैसे जातात आणि गाडी पुन्हा पुलाच्या चढावर हिसके खाते. इतके सगळे झाल्यावर कुणीतरी स्पार्क प्लग काढून बघतो. खरे तर हे काम सगळ्यात आधी करायचे असते, कारण ते स्वस्त आहे आणि अर्ध्या तासात होते.

गॅसवरच ही खोड का दिसते, ते आधी पाहू. बॅटरीच्या १२ व्होल्टचे कॉइल काही हजार व्होल्ट करते. प्लगच्या दोन टोकांमध्ये जेमतेम मिलिमीटरभर फट असते. दाबलेल्या मिश्रणातून ती फट ओलांडून वीज उडाली, तरच इंधन पेटते. सीएनजी आणि हवेचे मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. त्यात प्रत्येक ठिणगी टोकाचा कणभर धातू खाते. फट रुंदावत जाते, मागणी वाढत जाते. वीज मात्र नेहमी सोपी वाट शोधते. फटीतून उडी मारणे जड झाले, की ती प्लग वायरच्या तडकलेल्या रबरातून किंवा डिस्ट्रिब्युटर कॅपच्या बारीक चिरेतून थेट इंजिनाच्या अंगावर उतरते. पेट्रोलवर तीच वायर कशीबशी निभावून नेते. गॅस तिचे वय उघडे पाडतो.

राजधानीत हा प्रश्न एवढा सार्वत्रिक आहे, याचे कारण इथला इतिहास. १९९८ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर आणायचा आदेश दिला. बसमागोमाग रिक्षा, टॅक्सी आणि मग मध्यमवर्गाच्या खासगी गाड्याही गॅसवर गेल्या. यातल्या कितीतरी गाड्या मुळात पेट्रोलसाठी घडवलेल्या. डिकीत गॅसचा सिलिंडर नंतर आला. मारुती ८०० चेच उदाहरण घ्या : दिल्लीच्या वेशीवर गुडगावात १४ डिसेंबर १९८३ ला तिची पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती पडली. तिच्या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरांपैकी एक चुकला, तर गाडीची तिसरा हिस्सा ताकद गेली. चार सिलिंडरवाल्याला जे थरथरणे वाटते, ते आठशेवाल्याला गचके वाटतात.

जुना प्लग काढला की कचऱ्यात टाकू नका. आधी तो उजेडात धरा. कुठल्या सिलिंडरचा होता, ते कागदावर लिहून प्लग ओळीने मांडा. टोकाजवळची पांढरी चिनी माती फिकट तपकिरी, चहाच्या रंगाची दिसत असेल, तर आतले जळण नीट चालले आहे. कोरडी, बोटाला लागणारी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त जाते आहे किंवा ठिणगी दुबळी आहे. तेलकट, ओला काळपटपणा दिसला तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेले आहे. तिथे नवा प्लग महिनाभराचा दिलासा देईल, इतकेच. चिनी माती पांढरीफटक पडली असेल आणि वर बारीक फोड असतील, तर तो सिलिंडर अती तापतो आहे. गॅसवरच्या गाडीत याच खुणेकडे जास्त लक्ष हवे. चारपैकी तीन प्लग सारखे आणि एकच वेगळा निघाला, तर संशय त्या एका सिलिंडरच्या प्लगवर, वायरवर किंवा सीलवर घ्यायचा. सगळेच बिघडलेले असतील तर कारण सामाईक आहे.

आता नवा प्लग. जुने लोक अजूनही 'मायको दे' म्हणतात. १९५१ मध्ये सुरू झालेली ही बॉशची भारतीय कंपनी २००८ पासून बॉश नावानेच ओळखली जाते. पण प्लगमध्ये नावापेक्षा नंबर मोठा. उदाहरणादाखल एनजीकेचा 'बीपीआर६ईएस' घ्या. 'बी' म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, 'पी' म्हणजे पुढे आलेले टोक, 'आर' म्हणजे आत रेझिस्टर, '६' ही उष्णता सोडण्याची पायरी आणि 'ई' म्हणजे आट्यांची १९ मिलिमीटर लांबी. लांबी चुकली तर दंड जबर : जास्त लांब प्लगवर पिस्टन आपटू शकतो, आखूड प्लगमुळे उघड्या आट्यांत कार्बन बसतो आणि पुढे योग्य प्लग चढताना आटे मरतात. पायरीचा आकडा एनजीकेत जितका मोठा तितका प्लग 'थंडा', म्हणजे उष्णता लवकर सोडणारा. बॉशमध्ये नेमके उलटे. कंपनी बदलताना आकडा तसाच उचलला, तर घोटाळा ठरलेला.

थंडा-गरम हा वाद दिल्लीत रंगतो. प्लगच्या टोकाला स्वतःवरची काजळी जाळायला साधारण ४५० अंश सेल्सियस तरी लागतात. ८५० च्या वर गेले की ते ठिणगीआधीच मिश्रण पेटवू लागते. आश्रमच्या चौकात रांगत जाणाऱ्या गाडीचा प्लग थंडच राहतो आणि काजळतो. यमुना एक्स्प्रेसवेवर गॅसवर धावणारा तापतो. मॅन्युअलमधला नंबर हा दोन्हींचा मध्य असतो. तेल पिणाऱ्या इंजिनाला 'एक नंबर गरम डाल देते हैं' म्हणणाऱ्या मिस्त्रीचे मी ऐकणार नाही. रोग तसाच राहतो, फक्त दिसेनासा होतो.

फट मात्र गॅससाठी जपायची. फीलर गेजने मोजून ती कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकाला ठेवली, की कॉइल आणि वायरवरचा ताण हलका होतो. नवा प्लग खोक्यातून आला म्हणून फट बरोबरच असेल, असे धरू नका. साध्या निकेलच्या प्लगचे बाहेरचे टोक हलक्या हाताने वाकवता येते. इरिडियमचे मधले टोक सुईसारखे बारीक असते. त्याला गेज घासले तर महागाचा प्लग तिथेच संपला. इरिडियम लाखभर किलोमीटर टिकते, हे खरे. पण एनसीआरमध्ये आणखी एक हिशेब आहे. १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना इथे मनाई आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारवाई थांबवली. डिसेंबरात ते संरक्षण बीएस-४ आणि पुढच्या प्रदूषण मानकांच्या गाड्यांपुरतेच ठेवले. राजधानी क्षेत्रात बीएस-४ लागू झाले एप्रिल २०१० ला. त्याआधीच्या गाडीत लाखभर किलोमीटरचा प्लग घालणे म्हणजे भाड्याच्या घरात संगमरवर बसवणे. तिथे निकेलचा घ्या आणि वेळेवर बदला.

काश्मिरी गेटच्या बाजारात सगळे मिळते, त्यात नकलाही मिळतात. चिनी मातीवरची अक्षरे पुसट आहेत का, आटे खरबरीत आहेत का, हे दुकानातच बघा. मल्टिमीटर जवळ असेल तर आणखी बरे. 'आर' लिहिलेल्या प्लगच्या वरच्या टोकापासून मधल्या टोकापर्यंत साधारण ५ हजार ओहम रोध दिसायला हवा. शून्याजवळ आकडा आला, तर आत रेझिस्टर नाहीच, फक्त अक्षर छापले आहे.

वायरकडे कुणी बघत नाही. प्लग दोनदा बदलून झाले तरी वायर कंपनीच्याच, असे सर्रास दिसते. त्या पूर्ण संचानेच बदलाव्यात. तपासायचे असेल तर अंधारात गाडी चालू ठेवून वायरांवर स्प्रेने पाण्याचा हलका फवारा मारा आणि हात लांब ठेवा. गळती असेल तिथे निळ्या ठिणग्या नाचतात. जानेवारीच्या धुक्यात सकाळी सेल्फ मारत बसावे लागते, ते पुष्कळदा याच कारणाने.

बदलताना इंजिन गार हवे. गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग ओढला तर आटे सोबत येतात. वायर रबरी टोपीला धरून, किंचित पिळून काढायची, तारेला धरून नव्हे. एक काढा, एक लावा, मगच पुढची. सगळ्या एकदम सोडल्या की ठिणगीचा १-३-४-२ हा क्रम कुणालाच आठवत नाही. आधी खळग्यातली धूळ फुंकून टाका. प्लग बोटांनी शेवटपर्यंत फिरवा, मगच पाना लावा. वॉशरवाला नवा प्लग बोटांनी बसल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरे.

पीयूसीवाल्याकडे हे सगळे आटोपून जा. चुकलेल्या सिलिंडरातले न जळलेले इंधन सरळ सायलेन्सरमध्ये जाते. त्याने हायड्रोकार्बनचा आकडा चढतो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून वितळू शकतो, ज्याची किंमत प्लगच्या कितीतरी पट आहे. नवे प्लग, नव्या वायर, बरोबर फट, आणि तरीही गॅसवर चुकतेच आहे? मग कॉइल तपासा. तीही ठीक निघाली, तर आता खुशाल किटवाल्याकडे जा.