दिवे लागतात, मग सेल्फ का नाही?

गणपतीला कोकणात गेलो आणि चार दिवसांचे तीन आठवडे झाले. असं होणार याचा अंदाज असल्याने निघताना मी एक शहाणपणा केला होता. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या गाडीच्या बॅटरीचं मायनस टर्मिनल सोडवून ठेवलं होतं. परतल्यावर ते जोडलं, आत बसून किल्ली फिरवली. बॉनेटखालून टक-टक-टक एवढाच आवाज आला. हेडलाइट मात्र लखलखीत, हॉर्न खणखणीत. शेजाऱ्यांनी उभ्याउभ्या निदान केलं, "बॅटरी गेली. नवी टाका."

आमच्या नाक्यावर गाड्यांचं वायरिंग करणारे एक काका आहेत. ते आले. त्यांनी मीटरही काढला नाही. मायनसचा क्लॅम्प चिमटीत धरून पिळला आणि तो खुंटाभोवती गोल फिरला. "साहेब, बॅटरी ठणठणीत आहे. पकड नाहीये," म्हणाले. पॉलिश पेपरने खुंट घासला, नट आवळला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

दिवे लागत होते, मग सेल्फनेच असहकार का पुकारला? उत्तर शाळेतल्या ओहमच्या नियमात आहे. बॅटरीचा खुंट शिशाचा असतो. हवेत त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ, काळपट थर धरतो आणि तो थर वीज नीट वाहू देत नाही. क्लॅम्प ढिला असेल तर स्पर्श होतो तोही दोनचार ठिपक्यांपुरताच. समजा, या सांध्याचा रोध ०.०२ ओहम झाला. आकडा नगण्य वाटतो. दोन्ही हेडलाइट मिळून साधारण १० अँपिअर घेतात, म्हणजे सांध्यावर खर्च होणारा दाब ०.२ व्होल्ट. दिव्याला याचा पत्ताही लागत नाही. पण सेल्फ इंजिन फिरवताना दीडशे-दोनशे अँपिअर ओढू पाहतो. २०० गुणिले ०.०२, म्हणजे तब्बल ४ व्होल्ट. बारापैकी चार वाटेतच गेल्यावर सेल्फच्या पदरात काय पडणार?

ती टकटकही यातूनच येते. किल्ली फिरवली की सोलेनॉइड नावाचं विद्युतचुंबक आत ओढलं जातं आणि सेल्फला वीज मिळते. सेल्फने हात पसरताच दाब कोसळतो, चुंबक दुबळं होऊन सुटतं. सुटल्याबरोबर भार जातो, दाब पुन्हा चढतो, चुंबक पुन्हा ओढलं जातं. बॅटरी खरोखर उतरलेली असली तरी हाच आवाज येतो, आणि गोंधळ इथेच होतो. फरक कळायला एक साधी खूण आहे. सेल्फ मारताना बॅटरीच्या खुंटांवरच, क्लॅम्पवर नव्हे, मल्टिमीटर धरायचा. दाब ९.६ व्होल्टच्या खूप खाली गेला तर बॅटरी दोषी. तिथे बारा दिसतात आणि तरी सेल्फ मुका, तर वीज पुढे कुठेतरी अडली आहे. मग मीटरची एक पिन खुंटावर आणि दुसरी त्याच खुंटाच्या क्लॅम्पवर ठेवून पुन्हा सेल्फ मारायला सांगा. खरं तर इथे शून्याच्या आसपास आकडा हवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला की चोर सापडला.

शिसे-आम्ल बॅटरीचं मूळ रूप गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये घडवलं. तिचं बलस्थान मुळात हेच आहे, की अंगचा रोध फार कमी असल्याने ती क्षणभर प्रचंड प्रवाह देऊ शकते. सहा घरं, प्रत्येकात दोन व्होल्टच्या थोडं वर, असे मिळून पूर्ण भरलेल्या बॅटरीचे विश्रांतीतले १२.६ व्होल्ट होतात. १२.२ दिसले तर ती निम्म्यावर आली समजा. गाडी सुरू असताना खुंटांवर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. तसे दिसत नसतील तर आपल्याकडे अजूनही ज्याला 'डायनामो' म्हणतात तो अल्टरनेटर चार्जिंग करत नाही.

मुळात टर्मिनल काढायचंच कशाला? तर हल्लीची गाडी झोपेतही थोडी वीज पितेच. अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, घड्याळ, कॉम्प्युटरची स्मृती. हे सगळं मिळून ३० मिलिअँपिअर धरलं तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास होतात आणि तीन आठवड्यांत १५. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे माझा शहाणपणा अगदीच वाया गेला नव्हता.

पण गाडी सुरू झाल्यावर दुसरं नाटक सुरू झालं. सिग्नलला थांबलो की इंजिनाचे फेरे खाली जात, बंद पडतंय असं वाटेपर्यंत, आणि मग आपोआप वर उसळत. घड्याळात बारा. ड्रायव्हरची काच एका टिचकीत वर जायची, ती आता बटण दाबून धरल्याशिवाय हलेना. शिवाय डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं पिवळं चित्र. काकांना फोन केला तर हसले, "विसरली आहे. शिकेल."

बरोबर होतं त्यांचं. इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटलच्या झडपेवर काजळी साठत जाते. आयडलिंगला झडप जेमतेम उघडी असते, तेव्हा या फटीतली काजळी हवेची वाट अडवते. इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, हळूहळू शिकतो की आता झडप थोडी जास्त उघडायला हवी. पेट्रोलचंही तसंच. एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण राखायला सायलेन्सरच्या वाटेवरच्या ऑक्सिजन सेन्सरकडून तो धडे घेत असतो. बऱ्याच गाड्यांत हे धडे बॅटरीच्या जिवावर टिकणाऱ्या स्मृतीत असतात. वीज तुटली की ईसीयू कारखान्यातल्या कोऱ्या पाटीवर येतो आणि काजळी जणू नाहीच असं समजून झडप उघडतो. हवा कमी पडते, तो घाईने दुरुस्त करतो, जास्तच करतो, पुन्हा मागे येतो. (किल्लीचा इमोबिलायझर मात्र सहसा असा विसरत नाही. ती माहिती वीज गेली तरी टिकणाऱ्या चिपमध्ये असते.)

यावर औषध म्हणजे थोडा वेळ. एसी, दिवे, म्युझिक बंद ठेवून इंजिन नेहमीइतकं गरम होईपर्यंत आणि पुढे दहा मिनिटं आयडलिंगला चालू द्यायचं, मग एसी लावून आणखी काही मिनिटं, मग नेहमीसारखी गाडी चालवायची. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की मोटरला काचेचा शेवट कुठे ते कळतं. तोवर बोट अडकल्यास काच थांबेलच याचा भरवसा नाही, म्हणून मुलांना दूर ठेवा. पिवळ्या चित्राला बहुधा स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवणं किंवा थोडं सरळ चालवणं पुरतं. गाडीगणिक पद्धत बदलते, त्यामुळे ग्लव्ह बॉक्समधलं ते जाड पुस्तक एकदाचं उघडा.

दोनतीन दिवस चालवूनही दोष राहिला तर विसरभोळेपणाची सबब संपली. इंडिकेटर लावला की दुसरेच दिवे मंदावत असतील, तर इंजिन किंवा बॉडीची अर्थिंगची पट्टी पाहा. कामात ती जोडायची राहिली, तर सेल्फचा प्रचंड प्रवाह जमेल त्या वाटेने परततो. क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची केबल गरम झाल्याची उदाहरणं जुन्या मेकॅनिकांना विचारा. आणि जोडताना प्लस-मायनसची क्षणभर जरी अदलाबदल झाली असेल, तर अल्टरनेटरमधले डायोड उलटी वीज सरळ वाहू देतात आणि मुख्य फ्यूज उडतो. प्लसचा खुंट मायनसपेक्षा थोडा जाड असतो तो ही चूक टळावी म्हणूनच. तरी आपल्याकडे ठोकून बसवणारे वीर आहेत.

याहून वाईट खोड म्हणजे चालू इंजिनावर टर्मिनल काढून 'डायनामो चांगला आहे का' ते पाहणं. पूर्वी ते खपून जायचं. चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा भार असा अचानक तोडला तर, दाब आवरणारी सोय नसल्यास, काही अंश सेकंद ८० ते १०० व्होल्टचा लोंढा वायरिंगमध्ये घुसू शकतो. त्या वाटेवर आज डझनभर कॉम्प्युटर बसलेले असतात.

सेकंडहँड गाडी घेताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. बॅटरी काढून लावली की काही गाड्यांत चेक इंजिनचा दिवा काही काळ विझतो. दोष तसाच राहतो. साध्या स्कॅनरवर स्वयंचाचण्या 'अपूर्ण' दिसल्या, तर नुकतीच कोणीतरी स्मृती पुसली आहे. आठवडाभराने पुन्हा बघायला येतो, असं सांगून उठा.

आमच्या काकांनी त्या दिवशी पन्नास रुपये घेतले आणि जाताना एवढंच सांगितलं: काढताना गाडी बंद करून आधी मायनस, जोडताना मायनस शेवटी. प्लसवर असलेला पाना बॉडीला टेकला तरी मग ठिणगी उडत नाही. नवी बॅटरी मागवण्याआधी गाडी बंद ठेवून क्लॅम्प एकदा हाताने पिळून पाहा. फिरला, तर दहा नंबरचा पाना घ्या.